अक्काच्या दाताचं कडं

मोहफुलांचा वास मला सहन होत नाही, असं मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. सून बिचारी चैत्र लागला की मागच्या खिडक्या लावून घेते. खरी गोष्ट अशी आहे की तो वास मला फार आवडतो. चंद्रपुरात आमच्या घरामागे, कंपाउंडच्या भिंतीपलीकडे मोहाचं एकच झाड उरलं आहे. फाल्गुन सरता सरता त्याची फुलं पडायला लागतात आणि तो गोडसर, ओला, जरासा आंबूस वास थेट स्वयंपाकघरात येतो. वास आला की मला दहा वर्षांची मी आठवते, आणि ती मुलगी मला मुळीच आवडत नाही.

यंदा त्यात भर म्हणून नातीच्या दातांना तारा बसल्या. बारा वर्षांची पोर, पण बेसिनपाशी काय थाट! बाटल्या धुवायच्या ब्रशांची पिल्लं असावीत असे बोटभर ब्रश, कसलासा मेणाचा धागा, पाण्याची पिचकारी. सगळं झालं की माझ्यासमोर तोंड उघडून उभी राहते आणि म्हणते, आजी, बघ ना, निघालं का सगळं? मी म्हणते, आईला दाखव. तिला वाटतं आजीला किळस येते. वाटू दे. खरं कारण सांगायचं तर सत्तर वर्षं मागे जावं लागेल, आणि तिथे माझी काही शोभा नाही.

मूल या तालुक्याच्या गावापासून दोन कोसांवर आमचं गाव. पुढे धानाची शेतं, मागे जंगल. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. ते गावच्या शाळेत हेडमास्तर. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी बहीण, तिला मी अक्का म्हणायची. अक्का गोरी, उंच, हाताला चपळ, आणि हसायची तर अशी की विहिरीवर हसली तर शाळेत भाऊंना ऐकू जायचं. पण तिचे वरचे दात पुढे होते. दोन ठिकाणची मंडळी येऊन, पोहे खाऊन, कळवतो म्हणून गेली. तिसऱ्यांनी तर जाता जाता बैलगाडीत बसूनच बोलून दाखवलं. माय आतल्या खोलीत रडली. अक्का मात्र त्या माणसाच्या मिशीची नक्कल करून हसत होती.

माझे मामा नागपुरात एका दातांच्या डॉक्टरकडे कंपाउंडर होते. त्यांनी पत्र टाकलं की आमचे डॉक्टर तारेनं दात मागे घेतात, वर्ष-दीड वर्ष लागेल, पोरीला घेऊन या. भाऊंनी आठ दिवस विचार केला आणि छोट्या रेल्वेनं तिला घेऊन गेले. परत आली तेव्हा अक्काचं तोंड मिटत नव्हतं. वरच्या एकेका दातावर पत्र्याचं कडं चढवलेलं, काहीतरी सिमेंटासारखं लावून पक्कं केलेलं, आणि त्या कड्यांतून एक तार गेलेली. गावातल्या बाया ते बघायला आल्या. एकीनं विचारलं, दागिना हाय का बाई? अक्का म्हणाली, हो, नागपूरची फॅशन हाय. आणि मोठ्यानं हसली, तारेसकट.

डॉक्टरनं नियम घालून दिले होते. दातण चावायचं नाही. चिकट काही खायचं नाही, गूळ नाही, चिक्की नाही. प्रत्येक खाण्यानंतर ब्रश करायचा आणि तारेमागचा कण न् कण काढायचा, नाहीतर दात आतल्या आत किडेल आणि वरून कळणारही नाही. शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं: एखादं कडं हललं तर त्याच आठवड्यात नागपूरला यायचं. भाऊंनी हे वहीत लिहून आणलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. मी समोरच बसली होती. ऐकलं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

आता गंमत बघा. सगळं गाव सकाळी विहिरीवर कडुनिंबाचं नाहीतर करंजाचं दातण चावत बसायचं. त्या बसण्यातच निम्म्या गावाच्या बातम्या कळायच्या. अक्काला मात्र ब्रश. त्या ब्रशाचे केस डुकराचे असतात असं कोणीतरी मायला सांगितलं आणि झालं! ब्रश घरात येणं बंद. तो न्हाणीच्या मागे, छपराच्या कवेलूखाली खोचलेला राहायचा. तीन-चार महिन्यांत त्याचे केस झडले. मूलच्या बाजारात मऊ ब्रश मिळेना, मामांच्या पार्सलला महिना-महिना लागायचा. शेवटी भाऊंनीच डोकं लढवलं. आमच्याकडे मोरपिसांना काय तोटा? त्यांनी एका पिसाचा देठ ब्लेडनं तिरपा छाटला, दगडावर घासून टोक मऊ केलं. तारेच्या मागे तो देठ बरोबर जायचा. पण अक्काला स्वतःला आत दिसायचं कसं? म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

आमच्या मागच्या अंगणात ऊन चिंचेच्या आडून आठाला यायचं. तोवर अक्काची न्याहारी झालेली असायची. ती विहिरीजवळच्या दगडावर बसायची, डोकं मागे भिंतीला टेकवायची आणि आ करायची. मी भाऊंचा दाढीचा आरसा डाव्या हातात धरून उन्हाचा कवडसा तिच्या तोंडात पाडायची. आधी तो नाकावर जायचा, मग डोळ्यांत, मग ती तशीच आ करून मला चापट मारायची. कवडसा नीट बसला की दातामागचं सगळं लख्ख दिसायचं. भाताचं शीत, लाखोरीच्या डाळीचं साल, जवसाच्या चटणीचा दाणा. मी देठानं एकेक काढायची आणि काय निघालं ते सांगायची. सगळं संपलं की ती चूळ भरायची आणि विचारायची, "पाह्य बरं, साफ हाय का?" मी पुन्हा कवडसा पाडून सगळीकडे फिरवायची आणि म्हणायची, "साफ हाय." या दोन शब्दांशिवाय ती उठायची नाही.

तिच्या तोंडाचा तो मिठाच्या पाण्याचा वास, माझ्या मनगटाला लागणारा तिचा ऊन श्वास, तारेवर चमकणारा थेंब, हे मला अजून आठवतं. माणूस दुसऱ्याच्या इतक्या जवळ एरवी कधी जातो? त्या एका वर्षात अक्काला माझ्या डोळ्यांची सवय झाली. कुंकू सरळ लागलं का, वेणी नीट आली का, लुगड्याचा काठ मागून लोंबतो का, काहीही असो, पाह्य बरं. मी नीट आहे म्हटलं की तिच्या दृष्टीनं ते नीट. मला त्याचा केवढा तोरा होता.

मग फाल्गुन आला आणि मोह पडायला लागला.

माझी मैत्रीण सोमी गावाच्या जंगलाकडच्या टोल्यावर राहायची. तिथे गोंडांची आठ-दहा घरं. कोणत्या घरानं कोणत्या झाडाखालचा मोह वेचायचा, ते पिढ्यांपासून ठरलेलं. सोमीच्या घरची चार झाडं होती, आत ओढ्याकाठी. आधी खालचा पाचोळा जाळून जमीन काळीभोर करून ठेवायची, म्हणजे पहाटे त्यावर पडलेली फुलं मोत्यांसारखी वेगळी दिसतात. तिची माय टोपल्या घेऊन झुंजूमुंजू होताच निघायची, आणि जायचं तर तिच्यासोबतच. कारण मोह अस्वलालाही आवडतो. एकट्यादुकट्या पोरीनं मागून जायची सोयच नव्हती.

भाऊंकडे मी हट्ट धरला. शाळा अजून सकाळची झाली नव्हती, म्हणून ते हो म्हणाले; पण अक्काचं काम करून जायचं, ही अट. म्हणजे कवडशाचं काय? ऊन आठाला येणार आणि सोमीची माय साडेपाचाला जाणार. मी तोड काढली. उजाडायच्या आत अक्काला उठवायची, ती बिचारी डोळे चोळत दगडावर बसायची. त्या करड्या उजेडात तिच्या तोंडात काळोखच असायचा. मी अंदाजानं देठ इकडून तिकडे फिरवायची. टोल्यावरून सोमीची हाक यायची.

"पाह्य बरं," अक्का म्हणायची.

"साफ हाय," मी म्हणायची, आणि टोपली घेऊन पळायची. न्याहारी नंतर व्हायची. तिचं काय राहिलं आणि काय गेलं, ते दुसऱ्या दिवशीच्या काळोखापर्यंत कोण बघतं?

आणि ते वेचणं! खोटं कशाला बोलू, आयुष्यात मी तितकी सुखी पुन्हा झाली नाही. डोक्यावर टप, पाठीवर टप, पायांखाली गार जमीन, दोन्ही हातांची बोटं चिकट. सोमी एक फूल टोपलीत आणि एक तोंडात टाकायची. तिची माय मधेच थांबून ओढ्यापलीकडे कान द्यायची, मग नाई म्हणून मान हलवायची आणि आम्ही पुन्हा वेचायला लागायचो. ऊन चढलं की फुलं कोमेजत, मग परत. टोल्यावरच्या अंगणात चटयांवर ती वाळत घातलेली असायची, आधी पिवळी, मग मनुकांच्या रंगाची.

वाळलेली फुलं भाजून, तिळासोबत उखळात कांडून सोमीची माय लाटा नावाचा लाडू करायची. गोळा हाताला सोडत नाही इतका चिकट. एके दिवशी तिनं मला दोन दिले. देताना विचारलं, तुझ्या बहिणीच्या दाताले चालते का? मी म्हटलं, चालते. तिला काय ठाऊक? ती शहाणी बाई होती, तिनं विचारलं. खोटं मी बोलली.

अक्कानं आधी नको म्हटलं. मी तिच्या मागेच लागली. म्हटलं, एवढा तरी खा, मी तुझ्यासाठी जंगलातून आणला. मला तिला काहीतरी द्यायचं होतं. रोज सकाळी तिला फसवून पळत होती, त्याची भरपाई म्हणून असेल. तिनं इकडे तिकडे बघितलं आणि खाल्ला. डोळे मिटून खाल्ला. वर्षभरात गोड चिकट असं काही तिच्या तोंडात गेलं नव्हतं. मग दुसराही खाल्ला. आम्ही दोघी न्हाणीमागे बसून चोरासारख्या हसलो.

दुसऱ्या दिवशी मी देठ फिरवला तेव्हा डाव्या बाजूच्या दातावरचं कडं हललं. पुढचे दोन मोठे दात असतात ना, त्यांच्या शेजारचा. अगदी थोडं हललं, पण माझ्या बोटांना कळलं. कडं आणि दात यांच्यामध्ये देठाचं टोक जात होतं. पूर्वी जात नव्हतं.

अक्कालाही काहीतरी जाणवलं. तिनं जीभ तिथे लावून बघितली. "छबू, हे कडं हलून राह्यलं का? पाह्य बरं नीट."

आता मी काय करायचं होतं? हो म्हणायचं होतं. तेवढंच. पण हो म्हटलं तर भाऊ विचारणार, कशानं हललं. लाटा निघणार, मग पहाटेचं काळोखातलं काम निघणार, मग सोमीकडे जाणं बंद. मोह अजून पंधरा-वीस दिवस पडणार होता. माझ्या डोक्यात पंधरा-वीस सकाळींचा हिशेब झाला आणि मी म्हणाली, "नाई. तुले वाटून राह्यलं."

अक्कानं बरं म्हटलं आणि चूळ भरायला गेली. स्वतःच्या जिभेपेक्षा तिनं माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला. मी इतकी वर्षं या एका गोष्टीपाशी येऊन थांबते. तिनं मला खोटारडी म्हटलं असतं, भाऊंकडे जाऊन तक्रार केली असती, तर मी सुटली असती.

याहून वाईट अजून पुढेच आहे. गुढीपाडव्याला नागपूरची खेप ठरलेली होती. भाऊंच्या शाळेत परीक्षा तोंडावर. त्यांनी मला बोलावलं. मला, दहा वर्षांच्या पोरीला, कारण दात बघणारी मीच. विचारलं, "सगळं ठीक आहे ना? मग वैशाखातच जाऊ. एकदम तार काढूनच येऊ." मी मान हलवली. होकाराची मान. बोललीसुद्धा नाही, आणि खेप पुढे गेली.

मोह पडायचा थांबला. मग मी पुन्हा आठ वाजता कवडसा पाडायला लागली, आणि काय काय करून बघितलं! कड्याखाली देठ घालून घालून खरवडायची, मिठाच्या पाण्यात चिंधी भिजवून कोपरा करून आत सारायची. अक्का म्हणायची, आज काऊन एवढं करून राह्यली? मी म्हणायची, भाऊंनी सांगितलं. कड्याखालचा वास मला येत होता. हिरडी लाल झाली होती. दर सकाळी ठरवायची, आज सांगते; आणि जितके दिवस जात तितकं सांगणं अवघड होई, कारण आता विचारलं असतं की इतके दिवस काय करत होती. लहान मुलांना काही कळत नसतं, असं म्हणतात लोक. मला सगळं कळत होतं.

वैशाखात आम्ही तिघं नागपूरला गेलो. डॉक्टरनं एकेक कडं काढत आणलं. दात सुरेख सरळ झाले होते. मामांनी आरसा दिला तेव्हा अक्काचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, सुटली. मग डाव्या बाजूचं कडं डॉक्टरनं चिमट्यात धरलं, तर ते ओढावंच लागलं नाही. खाली दात चहाच्या रंगाचा, आणि त्याला भोक. हिरडी दाबली तर पू आला. डॉक्टर भाऊंना म्हणाले, हे कडं दोन-तीन महिने तरी सुटलेलं आहे, कोणी बघत नव्हतं का?

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात अक्का बोलली. तोंडात कापूस होता, तरी स्पष्ट बोलली.

"चुकी माही हाय भाऊ. मी चोरून मोहाचा लाटा खाल्ला. कोणाले सांगितलं नाई."

ती माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. मी तिथे स्टुलाजवळ उभी होती, तोंड होतं, जीभ होती, बत्तीस नसले तरी दात होते. पण मी गप्प राहिली. त्या दिवशी तार निघाली आणि तिच्यासोबत तो दातही निघाला. परतीच्या गाडीत भाऊ अक्काशी एक शब्द बोलले नाहीत. ती पदराचा बोळा गालाला लावून खिडकीबाहेर बघत राहिली.

आषाढाच्या आधी चामोर्शीकडची मंडळी आली. चांगलं घर होतं, धानाची शेती होती. अक्कानं दात न दाखवता नाव सांगितलं, दात न दाखवता हसली. मंडळींना ती फार पसंत पडली. मुलाची आई मायला म्हणाली, "पोरगी मोठी शांत हाय बाई तुमची." माय हो हो म्हणाली. विहिरीवरून शाळेपर्यंत हसणारी माझी अक्का शांत म्हणून पसंत झाली आणि पुढे जन्मभर शांतच राहिली. तिच्या घरी भरल्या घरात कोणी विनोद केला की तिचा हात आधी पदराकडे जायचा, मग तोंडावर, मग ती हसायची. भाऊजींनी पुढे खोटा दात बसवून दिला. तरीही हात जायचाच. तिच्या मुलांना वाटतं, आई मर्यादशील आहे.

मी शिकली, मास्तरीण झाली. दर सोमवारी मुलांची नखं आणि दात तपासायचं काम शाळेत माझ्याकडेच. देव बघा कशी थट्टा करतो. एकाही मुलाला मी सहज साफ आहे म्हटलं नाही. उन्हात नेऊन दोन-दोनदा बघायची. पोरं कंटाळायची. त्यानं काय होतं? ज्या तोंडात बघायचं होतं तिथे बघितलं नाही.

एक गोष्ट मात्र मी कोणालाच सांगितली नाही. नागपूरच्या त्या दिवसानंतर अक्कानं मला पाह्य बरं कधीच म्हटलं नाही. लग्नाच्या दिवशी मी मागे उभी होती, तरी मुंडावळ्या सरळ आहेत का ते तिनं शेजारच्या काकूंना विचारलं. माझ्यावर माया तेवढीच होती. माझी बाळंतपणं तिनं केली, दर वर्षी नव्या धानाचे तांदूळ पाठवले. फक्त ते दोन शब्द नाहीत. मी वाट बघायची. तिला कळलं होतं की नव्हतं, की सवयच गेली होती, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

परवा अक्का आली आहे माझ्याकडे. पंच्याऐंशीची झाली. सगळे दात गेले, कवळी आली; ती टोचते म्हणून इथल्या डॉक्टरला दाखवायचं. दाखवू दाखवू म्हणत दोन दिवस गेले. आज सकाळी नात शाळेत गेली, सून ऑफिसला. आम्ही दोघी मागच्या गॅलरीत बसलो होतो. खिडक्या मीच उघडल्या होत्या. मोहाचा वास येत होता. अक्कानं तो छाती भरून घेतला. मग कवळी काढून वाटीत ठेवली, खुर्चीत मागे टेकली आणि तोंड उघडलं.

"छबू," ती म्हणाली, "पाह्य बरं."

मी नातीचा छोटा आरसा आणला. कवडसा तिच्या कपाळावर जाई, कानावर जाई. तिनं आ केलेल्या तोंडानंच मला चापट मारली. मग ऊन आत पडलं. खालच्या हिरडीवर, आतल्या अंगाला, मसुरीच्या डाळीएवढा पांढरा चट्टा होता. कडेनं लाल. मी बोट लावलं तर तिनं अंग चोरलं. कवळीची जखम अशी दिसते का, मला ठाऊक नाही. तिच्या वयात असले चट्टे काय काय असू शकतात, ते मात्र ठाऊक आहे. माझ्या जिभेवर ते जुने दोन शब्द आयते आले होते. म्हाताऱ्या माणसाला कशाला घाबरवायचं, असं कारणही तयार होतं.

"साफ नाई अक्का," मी म्हणाली. "इथी जखम हाय. बरी नाई दिसत. आपण आजच दवाखान्यात जाऊ."

तिनं तोंड मिटलं. पदरानं ओठ पुसले, वाटीतली कवळी उचलली आणि परत ठेवून दिली.

"मले वाटलंच होतं," ती म्हणाली. "तेव्हाबी वाटलं होतं. पण तू नाई म्हटलं."